डोळ्यांखालची पिशवी

डोळ्यांखाली फुगवटा दिसला, की आपण जागरणाला दोष देतो. मीही देत असे. शरीररचनेची पुस्तकं वाचल्यावर कळलं, की ती चरबी मुळात नवी नसतेच. नेत्रगोलाभोवतीची ही जन्मापासूनची गादी पातळ पडद्यामागे असते. वयानुसार पडदा सैलावतो आणि ती पुढे डोकावते.

फ्रेंच शल्यविशारद ज्युलियाँ बूर्गे यांनी १९२४ मध्ये पापणीच्या आतून छेद घेऊन ती काढण्याची पद्धत मांडली. बाहेर व्रण नाही. पुढे चरबी सढळ हाताने काढली गेली, तेव्हा डोळे खोल जाऊन चेहरे अधिकच थकलेले दिसू लागले. म्हणून आता ती पुष्कळदा खालच्या खळग्यात पसरवतात.

सूज, काळेनिळेपणा साधारण दोन आठवडे. अंतिम रूप यायला काही महिने. बाहेरून त्वचा जास्त कापली गेली, तर पापणी खाली ओढली जाते. डोळ्यामागे रक्तस्राव क्वचितच होतो. पण तीव्र वेदना होऊन दिसणं अंधुक झालं, तर सकाळची वाट पाहू नये. काही तासांत दृष्टी जाऊ शकते.

आणि काळी वर्तुळं? आरशासमोर विजेरी खालून धरून पाहा. काळेपणा गेला, तर ती फुगवट्याची सावली. राहिला, तर तो त्वचेचाच रंग; शस्त्रक्रियेनंतरही तसाच राहील.