मनाच्या दाराला कडी

रात्री झोपण्याआधी आपण बायका किती गोष्टी बघतो! गॅसचं बटण बंद, पुढच्या दाराला कडी, मागच्या दाराला कुलूप. आणि अंथरुणावर पडलं, की मनाचं दार मात्र सताड उघडं! जाऊ काय बोलली, भिशीत कोण कुणाकडे बघून हसलं, यांना आज उशीर का झाला... एकेक विचार बिनबोलावता येतो आणि पाय पसरून बसतो.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या आम्हा मुलींना लहानपणीच शिकवतात, की सगळ्यांत जास्त जपायचं ते आपलं अंतःकरण. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात हा उपदेश आहे. अर्थात मनाला समजावण्याची रीत आपल्याकडे जुनीच. मनाचे श्लोक लिहिणारे समर्थ रामदास तर जांबचे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातलेच.

पण जपायचं कशापासून? वाईट विचार म्हटलं की आपल्याला राग, हेवा, वासना आठवते. ते विचार निदान ओळखू तरी येतात. काळजीचा पदर डोक्यावर घेऊन जो संशय येतो ना, तो ओळखू येत नाही.

आमच्या नांदेडच्या महिला मंडळातल्या एका ताईंचा मुलगा अकरावी-बारावीसाठी लातूरला ठेवलेला. आपल्याकडे घरोघरी हेच आहे. कुणीतरी सांगितलं, ‘तुमचा मुलगा गंजगोलाईत पोरांबरोबर फिरताना दिसला.’ बस्स! तीन रात्री ताईंना झोप नाही. संगत बिघडली, फीचे पैसे उडवले, लेकरू हातचं गेलं, इथपर्यंत मन धावलं. चौथ्या दिवशी फोनवर नुसता आरडाओरडा. पोरगा वह्या आणायला गेला होता. त्याने पुढे आठ दिवस फोनच उचलला नाही. घरापासून लांब, अभ्यासाच्या ओझ्याखाली असलेल्या लेकराला आईचा आवाज नकोसा व्हावा, यापेक्षा मोठं नुकसान कोणतं?

संत पौलाने कैदेत असताना फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं. कशाकशाचं मनन करावं याची यादी त्याच्या चौथ्या अध्यायात आहे. त्या यादीत पहिलं काय आहे? जे खरं आहे ते! शुद्ध, प्रशंसनीय वगैरे नंतर. मला वाटतं, मनाच्या दारावरचा पहिला प्रश्न हाच हवा. ‘बाई, तू खरी आहेस का?’

काही विचार तर बाहेरून येतच नाहीत, ते आपल्याबरोबरच वाढलेले असतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेलं वाणसामानही धुऊन घ्यायचे. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा बाईंवर आभाळच कोसळलं. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, तरी स्वयंपाक-पाणी वेगळंच. पण त्यांनी आपल्याच मनातल्या विटाळाला प्रश्न विचारला. जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने केल्या, असं मनाला पटलं आणि त्यांनी जातिभेद सोडला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. सगळं घराणं ज्याला पवित्र मानतं, तो विचारही तपासता येतो, हे या बाईने दाखवलं. आपल्याकडे अजूनही कुणाचा कप वेगळा ठेवला जातो. तेव्हा चर्चला जाणाऱ्या आम्हीसुद्धा हे वाचून स्वतःला विचारायला हवं.

मग रोजच्या धबडग्यात काय करायचं? विचार आला म्हणून घाबरू नका, येणं आपल्या हातात नसतं. त्याला पाट मांडायचा की नाही, हे आपल्या हातात. स्वतःला विचारा, हे मला माहीत आहे, की मी धरून चालले? ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला शांतपणे विचारा. तिसरीला सांगू नका. आणि जागा रिकामी ठेवू नका. ज्या व्यक्तीचा राग आलाय तिचं नाव घेऊन प्रार्थना करायची, ही आमची सवय. तुम्ही तुमच्या देवाजवळ करा. सुरुवातीला जड जातं, पण ज्याच्यासाठी रोज चांगलं मागतो त्याचा दुस्वास फार दिवस टिकत नाही.

एक मात्र नीट समजून घ्या. मन जपणं म्हणजे खरं दुखणं दाबणं नव्हे. नवरा मारत असेल, तर ‘हे चुकीचं आहे’ हा विचार पाप नाही, ते सत्य आहे. ते बोलायलाच हवं. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि आठवडेच्या आठवडे मन उदास राहत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो विश्वासाचा कमकुवतपणा नाही, आजार असू शकतो. प्रार्थना करा आणि डॉक्टरलाही दाखवा. २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. १४४१६ वर मोफत बोलता येतं, आपल्या मराठीतही.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री कडी-कुलूप बघून झालं की घटकाभर मनाच्या दाराशीही थांबा. जे खरं आहे त्याला आत घ्या, कडू असलं तरी. बाकीच्यांना उंबऱ्यावरूनच निरोप द्या.