माळ्यावरचा व्हिडिओ सुरू करण्यापूर्वी

(ऊसविकास विभागाकडून)



ऊसनोंदीसाठी बांधाबांधाने हिंडताना आम्हाला हुमणी, खोडकीड, तोडीची तारीख हे प्रश्न ठरलेलेच असतात. अलीकडे त्यात एकाची भर पडली आहे. चहा होतो, मग घरची मंडळी हळूच विचारतात, "साहेब, थोरलीच्या लग्नाची कॅसेट आहे. मशीनपण माळ्यावर आहे. लावून बघू का?"

हा विषय आमच्या खात्याचा नाही, हे कबूल. पण या बाबतीत आमचे हात एकदा चांगलेच पोळले आहेत, आणि नंतर जाणकारांकडे बसून आम्ही बरेच समजूनही घेतले आहे. म्हणून या अंकात उसाच्या पानाऐवजी हे लिहीत आहोत.

1982 साली दिल्लीत एशियाड झाले, रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग आपल्याकडे व्हिडिओही आला. ज्याला उसाचे बिल बरे मिळाले त्याने मशीन विकत घेतले, बाकीच्यांनी एका रात्रीपुरते भाड्याने आणले. आम्ही शाळकरी असताना गणपतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टीव्ही आणि मशीन यायचे आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर व्हायचे. पुढे लग्नांचे शूटिंग सुरू झाले. आज माळ्यावर निघतात त्या बहुतेक कॅसेटी याच काळातल्या, व्हीएचएस जातीच्या. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये ही मशीने बनवणे थांबवले. मोठ्या प्रमाणावर ती बनवणारी शेवटची कंपनी हीच. म्हणजे आता घरात जे मशीन आहे ते जुनेच असणार, आणि त्याचे सुटे भागही दुसऱ्या जुन्या मशीनमधूनच काढावे लागणार.

आता आमची गोष्ट. आमच्या बहिणीचे लग्न 1993 सालचे. आजी त्यानंतर दोन वर्षांत गेली. तिचे फोटो आहेत, पण चालती-बोलती आजी त्या एका कॅसेटमध्येच होती. मशीन उसने आणले, बटण दाबले, चित्र आले. सगळे घर टीव्हीपुढे. अक्षता सुरू झाल्या, आजी पुढे आली, आणि आतून कर्रकर्र आवाज झाला. आम्ही घाईने कॅसेट बाहेर ओढली. तिच्याबरोबर हातभर फीत चुरगाळून आली आणि तुटली. पुढे ती जोडून घेतली, पण आजी अक्षता टाकते तेवढा भाग गेला तो गेलाच. चूक मशीनवाल्याची नव्हती. वर्षानुवर्षे बंद असलेल्या मशीनमध्ये घरातली एकुलती एक कॅसेट आम्हीच पहिल्यांदा घातली होती.

तेव्हा सभासदांना आमचे पहिले सांगणे हेच, की मशीनची परीक्षा वाया गेली तरी चालेल अशा कॅसेटवर घ्यावी. जुन्या पिक्चरची एखादी कॅसेट घरात किंवा शेजारी सापडतेच. ती पूर्ण चालवावी, पुढे पळवावी, मागे गुंडाळावी, आणि बाहेर काढून तिच्या फितीला सुरकुती पडली आहे का ते पाहावे. नवे बेणे आपण सगळ्या रानात एकदम लावत नाही, आधी चार सरी लावून बघतो, तसेच हे.

फीत का चुरगाळते तेही समजून घ्यावे. कॅसेटमधली फीत अर्धा इंच रुंद आणि मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकी पातळ असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे अडीचशे मीटर फीत असते. मशीन तिला बाहेर ओढून एका गोल ढोलाभोवती गुंडाळते. हा ढोल सेकंदाला पंचवीस फेरे घेतो आणि त्यावर चित्र वाचणारी बारीक डोकी, म्हणजे हेड बसवलेले असतात. चरकात ऊस धरला जातो तशी फीत एक पोलादी दांडी आणि एक रबरी रूळ यांच्यामध्ये धरून पुढे सरकते, आणि पलीकडचे चाक ती गोळा करते. ते चाक रबरी पट्ट्यावर किंवा रबरी कडीवर फिरते. वर्षे गेली की रबर कडक होते, नाहीतर डांबरासारखे चिकट होते. मग होते असे, की चरक ऊस ओढतोय पण पलीकडे चिपाड उचलायला माणूस नाही. फीत आत साठते, वेटोळी होतात आणि आमच्यासारखे प्रसंग घडतात.

कधी मशीन आपणहून सावध होते. चाक फिरत नाही हे त्याला कळते आणि पाच-सात सेकंदांत ते बंद पडते. लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात. तसे करू नये. तो पट्टा बदलण्याचा इशारा असतो. आणि फीत अडकलीच, तर ओढाओढ न करता वायर काढून मशीन तसेच कारागिराकडे न्यावे. वरचे झाकण उघडून फीत हाताने सोडवता येते, आमची तशी सुटली असती.

आता विजेची बाजू. इथे कॅसेटपेक्षा माणसाचा जीव मोठा. बरीच वर्षे पडून राहिलेल्या मशीनमधले कपॅसिटर सुकलेले असतात. एकदम पूर्ण वीज दिली की ते फुगतात, फुटतात, धूर निघतो. माळ्यावर उंदरांचा वावर असतोच, वायरीचे कवच कुरतडलेले असते. म्हणून खाली काढल्यावर आधी नुसते बाहेरून नीट पाहावे. वायर, पिन, मागची जाळी. आतून काही खुळखुळते का ते हलवून पाहावे. आम्हाला एका मशीनमध्ये पालीची अंडी आणि एका पोराने टाकलेले रुपयाचे नाणे मिळाले होते! शंका आली तर वीज देऊच नये. कारागीर बल्ब सिरीजमध्ये लावून प्रथम तपासतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचते. मोटार रिवाइंड करणाऱ्यांकडे ही सिरीज असते, सभासदांनी ती पाहिलेली आहे.

मशीनच्या मागच्या पट्टीवर व्होल्टेज लिहिलेले असते, ते वाचल्याशिवाय पिन लावू नये. जपानमधून आलेल्या मशीनवर 100 आणि अमेरिकेतून आलेल्यावर 120 असते. आपल्या 230 च्या विजेवर ते क्षणात जळते. काहींच्या मागे व्होल्टेज बदलण्याची छोटी खिट्टी असते, ती कुठे आहे ते बघावे. शेतपंपांचा भार एकदम कमी-जास्त झाला की वस्तीवरचे व्होल्टेज हेलकावे खाते. तिथे स्टॅबिलायझर असल्याशिवाय प्रयोग नको. वळवाचा गडगडाट सुरू झाला की पिन काढून ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही.

झाकण घरी उघडण्याचा मोह फार होतो, पोरांना तर जास्तच. पिन काढली म्हणजे धोका संपला असे नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज साठलेली असते आणि ती काही वेळ तशीच राहू शकते. जुना डबा टीव्ही तर याहून वाईट. त्याच्या पाठीला घरी हातच लावू नये. चालू मशीनवर शोभेचा रुमाल, फुलदाणी, देवाचा दिवा यांपैकी काही ठेवू नये. आणि पहिल्यांदा चालवताना कोणीतरी शेजारी बसून राहावे, वास आला की पिन काढावी.

हे झाले मशीनचे. कॅसेटला जो रोग लागतो तो आपल्या काणीसारखा आहे. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात पाहावे. फितीच्या गुंडीवर पांढरे ठिपके, पिठासारखा थर किंवा जाळे दिसले तर ती बुरशी. पावसाळी दमट हवेत, बंद कपाटात ती धरते. अशी कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालू नये. बुरशीने चिकटलेली फीत फाटते, ती पूड ढोलाच्या डोक्यांना लागते, आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटीलाही तीच लागण होते. काणीचा चाबूक आपण पिशवी घालून, न झटकता काढतो. तसेच बुरशीची कॅसेट घरात झटकू नये, फुंकू नये. पिशवीत घालून वेगळी ठेवावी. ज्यांना दमा आहे त्यांनी तर लांबच राहावे. ती साफ करून देणारे कारागीर पुण्या-मुंबईत आहेत. खर्च येतो, पण चित्र बहुधा मिळते.

बुरशी नाही, मशीनही तपासले, तरी चित्र नीट येत नाही, अशी तक्रार असते. आवाज स्वच्छ पण पडद्यावर नुसता पाऊस पडतोय, तर बहुधा ढोलावरची डोकी मळली आहेत, कॅसेट चांगली आहे. आवाज वेगळ्या, स्थिर हेडवरून येतो, म्हणून तो टिकतो. चित्र आहे पण मधून आडवा खरखरीत पट्टा जातो, तर ट्रॅकिंगची कळ हळूहळू फिरवावी. ज्या मशीनवर भरले ते आणि आपले यांत थोडा फरक असतोच. चित्र काळे-पांढरे आणि गुंडाळत राहिले, तर कॅसेट अमेरिकी पद्धतीची असू शकते. परदेशातल्या मुलाबाळांनी पाठवलेल्या कॅसेटीत हे आढळते.

हेड साफ करताना कापसाची काडी, थिनर, रॉकेल काही वापरू नये. काडीचा धागा त्या बारीक डोक्यात अडकतो आणि ते तुटते. मऊ कातडे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते, आणि कातडे स्थिर धरून ढोल हाताने फिरवायचा असतो, वर-खाली घासायचे नसते. ज्याने हे केलेले नाही त्याने करू नये. गार खोलीतले मशीन दमट हवेत आणले की ढोलावर दव धरते आणि फीत चिकटते. तेव्हा दोन-तीन तास दम धरावा.

एक बारीक गोष्ट, पण फार महत्त्वाची. कॅसेटच्या कण्यावर डाव्या बाजूला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो. तो शाबूत असेल तर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेल्यास लग्नावर कोरे रेकॉर्डिंग होते. कॅसेट लावण्याआधी तो तुकडा मोडून टाकावा. आधीच मोडलेला असेल आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली असेल, तर ती काढावी.

वाळवा, पलूस, मिरज भागातल्या सभासदांना वेगळे सांगायचे आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा कित्येक घरांतले सामान पाण्याखाली गेले. पाण्यात गेलेले मशीन वाळले तरी त्याला वीज देऊ नये, गाळ आत राहतो. अशी कॅसेट मात्र लगेच टाकून देऊ नये. पूर ताजा असेल तर गाळ वाळण्याआधी स्वच्छ गार पाण्याने कॅसेट धुऊन सावलीत निथळत ठेवावी. उन्हात, चुलीजवळ किंवा इस्त्रीने वाळवू नये, फीत आक्रसते. गाळ वाळून गेला असेल तर काही न करता जाणकाराच्या हाती द्यावी.

शेवटी, कॅसेट एकदा नीट चालली की पुन्हा पुन्हा पाहत बसू नये. त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यावी. शहरातल्या काही फोटो स्टुडिओंत हे काम होते. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही. दोन प्रती घ्याव्यात आणि त्या दोन घरांत ठेवाव्यात. मूळ कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, लाउडस्पीकर आणि स्टॅबिलायझरपासून लांब ठेवावी. स्टुडिओत देताना कॅसेटवर नाव, गाव आणि साल लिहावे. "लग्न" एवढेच लिहिलेल्या दहा कॅसेटी आम्ही एका टेबलावर पाहिल्या आहेत, आणि त्यातली कोणती कोणाची, हे सांगायला दुकानदाराला प्रत्येक लग्न लावून बघावे लागले.