खारीचा वाटा, सशाची वाट

घोडेगावचा फाटा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे तो शनिशिंगणापूरमुळे. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा भाविक इथे वळतो आणि थोड्याच वेळात त्या गावी पोचतो, ज्याची कीर्ती बिनदारांच्या घरांनी झाली. २०११ साली तिथे बिनकुलपाची बँकही निघाली. चोराला शनिदेव पाहून घेईल, ही तिथली श्रद्धा. आम्ही मात्र त्याच रस्त्यावर राहून दोन वर्षे परसबागेला काय लावावे याच विवंचनेत होतो. आमचे चोर देवाला भिणारे नव्हते. एक दिवसाढवळ्या यायचा, दुसरा तिन्हीसांजेनंतर.

परसबाग म्हणजे काय, तर तीन डाळिंबे, एक पेरू, मेथी-पालकाचे वाफे आणि हौसेने टोकलेला भुईमूग. डाळिंबे ‘भगवा’ जातीची, आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली. सकाळी टोकलेला दाणा दुपारी उकरलेला दिसे. रंग धरू लागलेल्या डाळिंबाला एका बाजूने भोक, आत नुसती पोकळी. आणि मेथीची रोपे जमिनीपासून चार बोटांवर विळ्याने कापावीत तशी तिरपी कापलेली. शेळी पाला ओढून ओरबाडते. असा स्वच्छ काप ससाच घेतो, हे मला फार उशिरा कळले.

राग माणसाला काय करायला लावतो पाहा. शेडच्या कोपऱ्यात फोरेटची जुनी पुडी पडली होती. हे विषारी औषध देशात २०२० च्या अखेरीस बंद झाले. पण बंदीने घरातली पुडी थोडीच नाहीशी होते? कुणीतरी सुचवले, मी ऐकले, आणि गूळ-पिठात कालवून झाडाखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी खार नेहमीप्रमाणे पेरूवर होती. खाली दोन साळुंक्या मरून पडल्या होत्या. शेजारच्या काकूंची शेळी कुंपणातून मान घालून त्या पिठापर्यंत पोचलीच होती. हिने पाहिले आणि धावत जाऊन तिला हाकलले म्हणून ती वाचली. काकूंचे घर त्या शेळीच्या दुधावर चालते. त्या दिवशी ही माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाली, “चार डाळिंबं बाजारात मिळतात हो.”

तेव्हापासून मी मारण्याचा विचार सोडला आणि चोरांची चालचलणूक पाहू लागलो. सशाच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, फासे लावणे हाही गुन्हाच. पण कायद्यापेक्षा त्या शेळीने मला जास्त शिकवले.

आपला रानससा बिळे खणत नाही. गवतात, झुडपाच्या आडोशाला अंगापुरता खळगा करून तो दिवसभर पडून राहतो. त्याची पिल्ले जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. जाळी जमिनीत फूटभर पुरा, हा परदेशी पुस्तकांतला सल्ला बिळे करणाऱ्या सशांसाठी आहे. आपल्याला कोंबड्यांच्या खुराड्याची, इंचभर भोकाची, अडीच फूट उंच जाळी पुरते. मात्र ती खाली जमिनीला घट्ट हवी, दगड ठेवून दाबलेली. बाभळीच्या काट्यांचे कुंपण वरून भक्कम दिसते, खाली वीतभर फट राहते. ससा एकाच वाटेने येतो-जातो. ती वाट सापडली की निम्मे काम झाले.

खारीचे तसे नाही. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तिला सतत काही ना काही कुरतडावे लागते. नायलॉनची जाळी ती सहज कातरते. शिवाय तीत धामण अडकून मरते, आणि मग उंदीर कोण खाणार? फळांना लोखंडी बारीक जाळीच्या पिशव्या करून बांधाव्यात, कापडी पिशव्या फार टिकत नाहीत. टोकलेल्या वाफ्यावर दाण्याला दोन पाने फुटेपर्यंत जुनी चाळण किंवा जाळी पालथी घालावी. एकट्या उभ्या झाडाच्या बुंध्याला माणसाच्या छातीच्या उंचीवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला की तिचे पाय घसरतात. पण शेजारच्या झाडाची फांदी किंवा भिंत जवळ असेल तर पत्रा व्यर्थ. आधी फांद्या छाटाव्यात. फळ पाडाला लागले की वेळेवर उतरवावे.

एवढे करूनही थोडे जातेच. सेतू बांधताना खारीने वाळूचे कण नेले, रामाने पाठीवरून हात फिरवला आणि तिथे पट्टे उमटले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली. तेव्हापासून कुठल्याही कामात आपला ‘खारीचा वाटा’ आपण विनयाने सांगतो. त्या कामात खारीला काय मिळाले, हे कुणी विचारत नाही. ती फळांबरोबर किडेही खाते, तेव्हा बागेत तिचेही थोडे काम असतेच.

यंदा दोन डाळिंबांना पिशव्या बांधल्या. कडुनिंबाजवळचे तिसरे तसेच ठेवले. त्याच्याखाली पाण्याचे एक मातीचे भांडे आहे. ते भरायचे काम हिने माझ्याकडे दिले आहे.