जाड फळी कुठे मिळेल?

लोणावळ्याजवळचे कुरवंडे हे मावळातले गाव सह्याद्रीच्या कड्यालगत आहे. नागफणीच्या परिसरात जांभूळ, हिरडा, अंजनी अशी कठीण लाकडाची झाडे आहेत. तरीही गावातल्या शाळेला सुतारकामाच्या बाकासाठी ३ इंच जाड फळी हवी असेल, तर पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटपर्यंत चौकशी करावी लागेल. आणि तिथेही मनासारखी फळी लगेच मिळेलच असे नाही. असे का व्हावे?

पहिले कारण कायद्याचे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, ऐन, हिरडा, जांभूळ इत्यादी झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

दुसरे कारण भूमितीचे. १२ इंच रुंद व ३ इंच जाड फळी मधला भेंडाचा भाग टाळून काढायची, तर गाभ्याची त्रिज्या √(६² + ३²), म्हणजे सुमारे ६.७ इंच हवी. बाहेरचे इंचभर पांढरे लाकूड धरले की ओंडक्याचा व्यास साडेपंधरा इंच आणि घेर जवळजवळ ४ फूट होतो. एवढा घेर यायला सागाला अनेक दशके लागतात.

तिसरे कारण वाळण्याचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. लाकडातले पाणी आतून पृष्ठभागाकडे विसरणाने येते. विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, १ इंच फळी ४ महिन्यांत वाळते. मग ३ इंच फळीला त्याच जागी नऊपट, म्हणजे ३ वर्षे लागतील. इतका काळ माल अडकवून ठेवणे व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणून बरेचदा मागणी आल्यावर ओंडका कापला जातो आणि ओलीच फळी हाती पडते. तिचा पृष्ठभाग आधी वाळून आकसतो, आतला भाग मात्र ओलाच असतो. या ओढाताणीत फळीला चिरा पडतात.

मग शोध कुठे घ्यावा? एक ठिकाण म्हणजे वन विभागाचे लाकूड डेपो. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरचा डेपो सागासाठी प्रसिद्ध आहे; २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी येथूनच सागवान गेले. पण डेपोत लिलाव होतो तो ओंडक्यांचा. एका फळीसाठी वखार किंवा सॉ मिलच बरी. तिथे ‘हार्डवुड द्या’ एवढेच म्हणू नये. वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ते ‘कठीण’; त्या व्याख्येत नखाने खरवडता येणारी सावरही बसते! म्हणून झाडाचे नाव सांगून मागावे, आणि पावती घ्यावी.

दुसरे ठिकाण म्हणजे जुन्या लाकडाचे व्यापारी. पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी तुळया आणि खांब त्यांच्याकडे येतात. जी वर्षे आपल्याजवळ नाहीत, ती या लाकडाने आधीच छताखाली काढलेली असतात. मात्र आत राहिलेले खिळे आणि वाळवीची पोखरण नीट पाहून घ्यावी.

फळी वाळली आहे का, हे वर्गात तपासता येते. टोके लवकर वाळतात, म्हणून टोकापासून फूटभर आत पातळ काप घ्या. तो वजन करून १०० अंश सेल्सिअसच्या किंचित वर तापवलेल्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ५६ ग्रॅमचा काप ५० ग्रॅम झाला, तर गेलेले पाणी ६ ग्रॅम. कोरड्या वजनाच्या १२ टक्के. हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर लाकूड सुमारे २० टक्के ओलाव्यावर स्थिरावते. ४० टक्के असेल, तर ७-८ टक्क्यांवर. कुरवंड्याच्या पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एवढा फरक सहज पडतो. तेव्हा आणलेली फळी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा सावलीत, खाली पट्ट्या देऊन ठेवावी आणि मगच रंधा हातात घ्यावा.