विष ओळखणारी नळी



तुमच्यासमोर दोन बाटल्या आहेत असे समजा. दोन्हींत पाण्यासारखा रंगहीन द्रव आहे. वासही जवळजवळ सारखाच. एकीत इथिल अल्कोहोल आहे आणि दुसरीत मिथिल अल्कोहोल. मिथिल अल्कोहोल हे जहाल विष आहे. ते पोटात गेल्यास दृष्टी जाते, प्राणही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी भागात हेच विष मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली. डोळ्यांना आणि नाकाला न कळणारा हा फरक प्रयोगशाळेत कसा कळतो?

त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी ही पद्धत वापरतात. मराठीत तिला वायू-वर्णलेखन म्हणतात. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन या इंग्रज शास्त्रज्ञांनी ती यशस्वी करून दाखवली.

ती समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. शाळा सुटली. दोन मित्र एकाच वेळी बाजारातून घरी निघाले. एक फारसा थांबत नाही. दुसरा प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतो. आधी घरी कोण पोहोचेल? पहिलाच ना?

या यंत्रातही असेच घडते. यंत्रात एक लांब, बारीक नळी वेटोळे करून ठेवलेली असते. तिची लांबी बहुधा ३० मीटर असते. तिच्या आतल्या बाजूला एका द्रवाचा पातळ थर असतो. तपासायच्या द्रवाचा अगदी लहानसा थेंब सुईने यंत्रात सोडतात. उष्णतेने त्याची वाफ होते. हेलियम किंवा नायट्रोजन वायू ही वाफ नळीतून पुढे नेतो. मिथिल अल्कोहोल थरापाशी कमी रेंगाळते, म्हणून सहसा आधी बाहेर पडते. इथिल अल्कोहोल मागून येते.

नळीच्या टोकाशी शोधक असतो. पदार्थ बाहेर पडताच आलेखावर एक शिखर उमटते. शिखर केव्हा उमटले, यावरून पदार्थ ओळखतात. त्याचे क्षेत्रफळ मोजून पदार्थ किती आहे हे ठरवतात. मात्र शुद्ध पदार्थ त्याच यंत्रातून आधी सोडून त्याची वेळ पाहून ठेवावी लागते. तुलनेशिवाय ओळख पटत नाही.

मीठ किंवा साखर अशी तपासता येत नाही, कारण त्यांची सहज वाफ होत नाही. पण रोग्याच्या रक्तातील विष या पद्धतीने सापडते. मग डॉक्टरांना योग्य उपचार करता येतात आणि न्यायालयाला पुरावा मिळतो.

मित्रांनो, लक्षात ठेवा : दिसायला सारखे असलेले सारे सारखेच असते असे नाही.