बंद पडलेला ट्रॅक्टर घरी आणताना दोराऐवजी दांडा वापरा

पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या ऐन हंगामात ट्रॅक्टर शेतात वा रस्त्यात बंद पडला म्हणजे शेतकऱ्याची मोठी अडचण होते. मेकॅनिक तालुक्याच्या गावी असतो आणि तो शेतापर्यंत येईलच असे नाही. अशा वेळी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागवावा, हाती लागेल तो नाडा, साखळी किंवा तारेचा दोर बांधावा आणि बंद ट्रॅक्टर ओढत घरी आणावा, अशी आपल्याकडे पद्धत आहे. मागच्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बहुधा घरचा तरुण मुलगा किंवा सालदार बसतो. दोर तुटला, उतारावर ट्रॅक्टर अंगावर आला किंवा पुढचा ट्रॅक्टर उलटला तर जीव जातो तो या दोघांपैकी एकाचा. म्हणून ट्रॅक्टर ओढून नेण्याचे काम पेरणी-फवारणीइतकेच विचारपूर्वक करावयास हवे. त्यासाठी ओढदांडा, म्हणजेच टो बार, कसा असावा व कसा वापरावा याची माहिती या लेखात दिली आहे.

दोर ओढतो, पण रोखत नाही

दोर किंवा साखळी केवळ ताण सहन करते. पुढचा ट्रॅक्टर थांबला की दोर सैल पडतो आणि मागचा ट्रॅक्टर स्वतःच्या वेगाने पुढे येत राहतो. त्याला थांबविण्याची सर्व जबाबदारी मागे बसलेल्या माणसाच्या पायावर असते. त्याचा पाय क्षणभर उशिरा पडला तरी टक्कर होते. शिवाय सैल पडलेला दोर पुन्हा ताणला जाताना जोराचा हिसका बसतो. साखळीत ताण घेण्याची लवचिकता नसते, त्यामुळे कडी तुटते. नायलॉनचा दोर रबराप्रमाणे ताणला जातो आणि तुटल्यास त्याचे टोक चाबकासारखे मागे येते. त्या टोकाला लोखंडी हुक असेल तर तो हुक माणसाच्या डोक्यात बसू शकतो.

ओढदांडा ताण आणि दाब दोन्ही सहन करतो. दोन्ही वाहनांतील अंतर कायम राहते व हिसके बसत नाहीत. मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दांड्यामुळे मागच्या ट्रॅक्टरचा रेटा नाहीसा होत नाही, तो पुढच्या ट्रॅक्टरवर येतो. ३५ ते ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारणपणे दोन टन वजनाचा असतो. सपाट डांबरी रस्त्यावर तो सहज ओढला जातो, त्यामुळे मागे काही आहे असे चालकास वाटतही नाही. परंतु वीस फुटांत एक फूट उतार लागला की तोच ट्रॅक्टर सुमारे १०० किलो जोराने मागून ढकलू लागतो. दहा फुटांत एक फूट उतार असेल तर हा जोर सुमारे २०० किलो होतो. ब्रेक लावल्यास त्यात आणखी भर पडते.

यावरून पहिला नियम असा की, ओढणारे वाहन ओढल्या जाणाऱ्या वाहनाइतके किंवा त्याहून जड असावे. जीपने किंवा लहान ट्रॅक्टरने मोठा ट्रॅक्टर ओढू नये. सपाटीवर तो ओढला जाईल, पण उतारावर आवरणार नाही.

दांडा कसा असावा

बाजारात तयार दांडे मिळतात. गावातील वेल्डिंगच्या दुकानातून करून घ्यावयाचा असल्यास पुढील बाबी पाहाव्यात.

१. दांडा जाड भिंतीच्या पाइपाचा असावा. ५० मि.मी. व्यासाचा 'सी' वर्गाचा पाइप योग्य असतो. जुनी बोअरची पाइप, पाणीपुरवठ्याची पातळ नळी किंवा लाकडी बल्ली वापरू नये.

२. लांबी सुमारे २ मीटर असावी. दांडा फार आखूड असल्यास वळणावर मागची पुढची चाके एकमेकांस लागतात.

३. दोन्ही टोकांना जाड पट्टीचे कान असावेत व वेल्डिंग सर्व बाजूंनी भरलेले असावे. दांडा मोडतो तो बहुधा वेल्डिंगच्या जागी. दरवेळी वापरण्यापूर्वी ही जागा पुसून, चीर आहे काय ते पाहावे.

४. पिन किमान २५ मि.मी. जाडीची, चांगल्या पोलादाची असावी. बांधकामाची सळई तोडून पिन करू नये. पिन निसटू नये म्हणून तिला लिंच पिन लावावी. तारेचा वेढा किंवा लाकडी खुंटी चालत नाही.

५. दांड्याबरोबर एक मजबूत साखळी थोडी ढिली जोडावी. पिन निसटली किंवा दांडा मोडला तर साखळी वाहनास मोकळे सुटू देत नाही.

एकेरी सरळ दांडा वापरताना मागच्या वाहनाच्या स्टिअरिंगवर माणूस असणे आवश्यकच असते, कारण हा दांडा वाहनास वळवीत नाही.

दांडा कोठे जोडावा

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पुढच्या ट्रॅक्टरला दांडा, साखळी वा दोर नेहमी खालच्या ड्रॉबारला किंवा ट्रॉलीच्या हुकालाच जोडावा. टॉप लिंकच्या जागी, मागील एक्सलच्या नळ्यावर किंवा सीटजवळ कधीही जोडू नये. ओढीची जागा मागील एक्सलच्या मध्यापेक्षा वर असेल तर जोर लागताच ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ट्रॅक्टर मागे उलटतो. क्लच दाबावयासही वेळ मिळत नाही. चालक स्टिअरिंग आणि जमीन यांच्यामध्ये सापडतो.

स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या संरक्षणासाठी मजबूत चौकट बसविणे सक्तीचे झाले आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तेथे झपाट्याने घटले. आपल्याकडील पुष्कळ ट्रॅक्टरवर अशी चौकट नसते, म्हणून खालची जोडणी हेच आपले संरक्षण आहे.

मागच्या ट्रॅक्टरला दांडा पुढील बंपरच्या आधारावर ओढण्यासाठी दिलेल्या पिनेला किंवा कडीला जोडावा. टायरॉड, पुढचा एक्सल किंवा रेडिएटरची जाळी यांना जोडू नये. दांडा शक्यतो जमिनीला समांतर राहावा. त्याचे पुढचे टोक बरेच उंच राहिल्यास उतारावर मागचा रेटा पुढच्या ट्रॅक्टरची मागील चाके उचलू पाहतो व त्यांची पकड कमी होते. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागील चाकांनाच असतात, हे लक्षात ठेवावे.

चिखलात रुतला असल्यास

यवतमाळ जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात ट्रॅक्टर एक्सलपर्यंत रुततो. डांबरी रस्त्यावर जो ट्रॅक्टर ५० किलो जोराने चालतो, त्यालाच रुतल्यावर कित्येक पट जोर लागतो. म्हणून प्रथम फावड्याने चाकांपुढची माती काढावी, अवजार सोडून घ्यावे आणि चाकांखाली पऱ्हाट्या, तुराट्या किंवा मुरूम टाकावा. नंतर लांब व मजबूत साखळी खालच्या हुकांना जोडून खालच्या गिअरमध्ये, हळूहळू ताण देत ओढावे. हिसका देऊ नये. साखळीच्या लांबीइतक्या परिघात कोणी उभे राहू नये.

रुतलेल्या चाकाला लाकडी ओंडका बांधून ट्रॅक्टर स्वतःच बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये. ओंडका अडला की चाक फिरत नाही आणि मग ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरून मागे उलटतो. ट्रॅक्टर कडक जमिनीवर आल्यानंतरच दांडा जोडावा.

केव्हा ओढू नये

मागच्या वाहनाचे ब्रेक किंवा स्टिअरिंग निकामी असेल, पुढचे चाक वाकडे झाले असेल किंवा गिअर अडकून बसला असेल, तर ते दांड्यानेही ओढू नये. ट्रकवर चढवून आणावे. ट्रॅक्टरमागे ट्रॉली असल्यास ती सोडून ठेवावी. ट्रॅक्टर, त्यामागे ट्रॅक्टर आणि त्यामागे कापसाची भरलेली ट्रॉली अशी रांग कोणत्याही परिस्थितीत लावू नये. ऑटोमॅटिक गिअरची मोटार चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास तिचा गिअरबॉक्स खराब होऊ शकतो, तेव्हा तिची माहितीपुस्तिका प्रथम पाहावी.

निघण्यापूर्वी

१. मागच्या ट्रॅक्टरचे मुख्य गिअर आणि हाय-लो असे दोन्ही दांडे न्यूट्रलमध्ये ठेवावेत. पीटीओ बंद करावा. चारचाकी ओढ असल्यास ती सोडवावी.

२. डावे व उजवे ब्रेक पेडल एकत्र जोडावेत. एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर बाजूला ओढला जातो.

३. हातब्रेक सोडावा, पण त्यापूर्वी दांडा जोडलेला व पिन अडकविलेली असावी. जोडणी होईपर्यंत चाकांना दगड लावून ठेवावेत. पुढचा ट्रॅक्टर मागे घेताना दोन्हींच्या मध्ये कोणी उभे राहू नये. दांडा एका बाजूने धरून जुळवावा.

४. जीप किंवा मोटार असल्यास चावी चालू स्थितीत ठेवावी, अन्यथा स्टिअरिंगचे कुलूप लागते. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होते व ब्रेक फार जोराने दाबावा लागतो, हे चालकास आधीच सांगावे.

५. हात वर केला म्हणजे थांबा, हात बाजूला हलविला म्हणजे हळू, अशा खुणा ठरवून घ्याव्यात. ट्रॅक्टरच्या आवाजात ओरडणे ऐकू येत नाही.

६. दोन्ही वाहनांवर फक्त एकेक चालक असावा. मडगार्डवर, दांड्यावर किंवा हुकावर कोणासही बसू देऊ नये.

रस्त्यावर

वेग १५ कि.मी.च्या आसपास ठेवावा. वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी चौपट शक्ती जिरवावी लागते. ताशी २० कि.मी. वेगानेही वाहन एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. पुसद परिसरातील डोंगराळ रस्त्यांवर आणि नाल्यांच्या उतारांवर हा नियम विसरू नये. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे दोन ट्रॅक्टरांचे वजन केवळ ब्रेकवर सोपविणे होय. उतारावर मागच्या चालकानेही हलका ब्रेक लावावा, म्हणजे दांडा ढकलणार नाही. वळणावर जोराचा ब्रेक लावू नये. मागचा ट्रॅक्टर सरळ रेटतो आणि पुढचा आडवा फिरतो. वेग वळणापूर्वीच कमी करावा व वळण मोठे घ्यावे.

जाता जाता मागचा ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून सुरू करण्याचा मोह टाळावा. इंजिन अचानक चालू झाल्यास तो दांड्यातून पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागतो. दर दोन-तीन कि.मी.वर थांबून पिना व चाकांचे तुंबे तपासावेत. तुंबा फार गरम लागल्यास ब्रेक घासत आहे असे समजावे.

रात्री, धुक्यात किंवा जोराच्या पावसात ओढणी करू नये. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर किंवा वणीकडील कोळशाच्या ट्रकांच्या वाटेवर सावकाश चालणारी ही जोडी फार धोक्याची ठरते. शक्य तेथे गावरस्त्याने जावे. राष्ट्रीय महामार्गावर वाहन बंद पडल्यास १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

नियम काय सांगतो

१९८९ च्या रस्त्यावरील वाहतुकीच्या विनियमांत ओढणीसंबंधी स्पष्ट अटी होत्या. ओढल्या जाणाऱ्या वाहनावर परवानाधारक चालक असावा, दोन वाहनांतील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे, वेग ताशी २४ कि.मी.पेक्षा जास्त नसावा आणि मागच्या वाहनाच्या पाठीमागे, वाहन ओढून नेले जात आहे अशी सूचना पांढऱ्या पाटीवर काळ्या ठळक अक्षरांत लावावी, असे त्यात सांगितले होते. २०१७ मध्ये या विनियमांच्या जागी वाहन चालविण्याचे नवे विनियम आले. परंतु या चार अटींमागील कारण आजही तेच आहे. पाटीसोबत लाल कापड व मागे लाल परावर्तक पट्टी अवश्य लावावी. परवाना नसलेल्या मुलास मागच्या ट्रॅक्टरवर बसवू नये. ओढल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरवर बसणे हे पुढचा ट्रॅक्टर चालविण्याइतकेच कौशल्याचे काम आहे.

एका शेतकऱ्याला वर्षातून एखाद्या वेळीच दांडा लागतो. म्हणून गावातील चार-पाच ट्रॅक्टरमालकांनी मिळून एक चांगला दांडा, दोन पिना, साखळी, लाल पट्टी व पाटी असा संच करून एका ठिकाणी ठेवावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याचे वेल्डिंग तपासावे आणि सपाट मैदानावर दोन्ही चालकांनी जोडणी, वळण व थांबणे यांचा सराव करावा. म्हणजे ऐन गर्दीच्या दिवसांत नाडा शोधत फिरावे लागणार नाही आणि ट्रॅक्टरबरोबर दोन्ही माणसेही सुखरूप घरी पोचतील.