पाण्यात उभे असलेले झाड का सुकते?

श्रावण-भाद्रपदात जाम नदी भरून वाहू लागली म्हणजे सावरगाव-पांढुर्ण्याकडील काळ्या, भारी जमिनीत पाणी साचून राहते. अशा चिबडलेल्या शेतात पाण्याची मुळीच वाण नसताना कपाशी मलूल होते. हे कसे, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडला असेल. विद्यार्थिमित्रहो, त्याचे उत्तर पाण्यात नसून हवेत आहे.

मुळेही आपल्याप्रमाणेच श्वसन करतात. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी शिरले की तेथील हवा हुसकली जाते. आणि हवेच्या मानाने पाण्यातून वायू सुमारे १०,००० पटींनी सावकाश पसरतात. मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, त्यांची शक्ती खचते व त्यांना पाणी नीट शोषता येत नाही. म्हणजे पाण्यात उभे असलेले झाड तहानेने व्याकूळ होते.

या संकटाची वर्दी देण्याचे कार्य संप्रेरके करतात. अत्यल्प प्रमाणात निर्माण होऊन झाडाच्या वाढीचे नियमन करणारी ही द्रव्ये होत. त्यांपैकी इथिलीन हे वायुरूप आहे. आढीतील आंबे पिकविणारा वायू तो हाच. एरवी तो झाडातून हवेत निघून जातो. परंतु भोवती पाणी असले म्हणजे तो आतच कोंडतो, आणि त्यावरूनच झाडाला पुराची जाणीव होते.

या एकाच वर्दीवर भाताच्या दोन जाती अगदी उलट वागतात. खोल पाण्यातील काही जातींत इथिलीनमुळे जिबरेलिन हे दुसरे संप्रेरक प्रभावी होते, आणि रोप दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढून शेंडा पाण्यावर काढते. ओडिशातील 'एफआर १३ ए' ही जात मात्र वाढ थांबवून साठविलेली शक्ती जपते. तिच्यातील या गुणाचे जनुक २००६ साली ओळखले गेले. त्यातून तयार झालेले 'स्वर्णा-सब १' हे वाण २००९ साली भारतात प्रसारित झाले. ते सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते.

कपाशीपाशी असे बळ नाही. तिच्यात इथिलीन वाढले की पाने, पात्या व कोवळी बोंडे गळतात. बरेच दिवस उघडीप पडून मग जोराचा पाऊस झाला, तर झाडे एकाएकी कोमेजतात. यास 'आकस्मिक मर' म्हणतात. लक्षणे दिसताच लिटरमागे १० मिलिग्रॅम कोबाल्ट क्लोराइडची फवारणी करावी, असा सल्ला नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने दिला आहे, कारण कोबाल्ट इथिलीन तयार होण्यास अटकाव करतो.

तथापि, फवारणीच्याही आधीचा उपाय चर काढण्याचा आहे. साचलेले पाणी वाहून गेले की मातीत हवा परतते आणि मुळे पुन्हा श्वास घेऊ लागतात. आपल्या पूर्वजांना इथिलीनचे नाव ठाऊक नव्हते. परंतु जेथे पाणी तुंबले तेथे पीक गेले, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. मृगापूर्वी शेतातील चर मोकळे करणे, हे त्या अनुभवाचे आणि आजच्या विज्ञानाचेही सांगणे आहे.